जावर: एका शिरेतले तीन धातू

शिसे आणि चांदी खडकात बहुधा शेजारीशेजारी नव्हे, तर एकमेकांत मुरलेलीच सापडतात. शिशाचे मुख्य खनिज गॅलेना. शिसे आणि गंधक यांचे हे संयुग शुद्ध असेल तर त्यात वजनाने शेकडा ८६.६ भाग शिसेच असते. रंग राखी, चकाकी नव्या आरशासारखी, आणि हातोडीने फोडले की लहानमोठे चौकोनी घन सुटे होतात. सुपारीएवढा खडा हातात घेतला तरी तो पाण्याच्या साडेसातपट जड असल्याने हात चटकन खाली जातो. चांदी या खनिजात डोळ्यांना दिसत नाही. ती गॅलेनाच्या स्फटिकात अत्यंत बारीक कणांच्या रूपाने किंवा शिशाच्या अणूंच्या जागी बसलेली असते. तिचे प्रमाण टनामागे काही ग्रॅमांपासून काही किलोंपर्यंत बदलते. त्यामुळे जुन्या काळी शिशाच्या खाणीकडे पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न असायचा तो शिसे किती निघेल हा नव्हे, तर चांदी किती निघेल हा.

गॅलेनाच्या शिरेत आणखी एक खनिज बहुधा असते. त्याचे नाव स्फॅलेराइट, म्हणजे जस्त आणि गंधकाचे संयुग. पिवळसर तपकिरी, कधी मधासारखे, कधी जवळजवळ काळे. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ फसवा असा होतो, कारण दिसायला ते धातूच्या खनिजासारखेच, पण भट्टीत घातले की पांढरा धूर होऊन उडून जाई आणि तळाशी काहीच उरत नसे. चांदीसाठी खणलेल्या, पुढे या फसव्या खनिजामुळेच जगात नाव झालेल्या एका खाणीचा हा इतिहास आहे. ती खाण म्हणजे राजस्थानात उदयपूरच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर, अरवलीच्या डोंगरात, टीडी नदीच्या काठी असलेले जावर.

वऱ्हाडात अशी खाण नाही, आणि ती का नाही हे आधी पाहिले म्हणजे जावरचा खडक नीट कळतो. अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर रेल्वेच्या शिवारात विहीर खणली तर वर काळी माती, खाली मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या आणि शेवटी काळा पाषाण लागतो. हा सगळा बेसाल्ट, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहून आलेला आणि थरावर थर साचत गेलेला लाव्हा. त्याच्या पोकळ्यांत पुढे पाणी मुरले आणि गारगोटी, अकीक, कॅल्साइट, झिओलाइट यांचे सुंदर स्फटिक तयार झाले. पण शिसे या लाव्ह्यात दहा लाख भागांत मोजके काही भाग एवढेच विखुरलेले आहे. ते एका जागी गोळा करणारी गरम खनिजयुक्त पाण्याची मोठी हालचाल इथे झाली नाही. शिशाच्या शिरा पाहायच्या तर या लाव्ह्याच्या खाली दडलेल्या, कित्येक पटींनी जुन्या खडकापर्यंत पोहोचावे लागते. अमरावती जिल्ह्यात तो खडक उघडा दिसतो तो मोर्शी तालुक्यात सालबर्डीजवळ. सातपुड्याच्या पायथ्याशी भूकवच तुटून वर आल्याने तिथे लाव्ह्याखालचे गोंडवाना थर आणि त्यांच्याही तळाचा ग्रॅनाइटी पाया डोळ्यांना दिसतो. डोंगर ओलांडून बैतूल जिल्ह्यात गेले की प्राचीन ज्वालामुखी खडकांच्या पट्ट्यात जस्त, तांबे आणि थोडे शिसे असलेले साठे भूवैज्ञानिकांनी शोधले आहेत. चांदूरहून पाहता या जातीच्या धातूंचे हे सर्वांत जवळचे घर. मात्र तिथे जुन्या खाणकामाचा इतिहास घडला नाही. तो घडला जावरला.

जावरचा खडक अरवली समूहातला. सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वीपासून या भागात समुद्र होता, आणि त्याच्या उथळ पाण्यात कार्बोनेटचा गाळ साचत होता. त्याचाच पुढे डोलोमाइट, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा कठीण, राखट खडक झाला. उदयपूरजवळच झामरकोटडा येथे याच समूहातल्या खडकांत सूक्ष्म शेवाळांनी रचलेले फॉस्फेटचे थर आहेत. त्या समुद्रात जीवसृष्टी होती याची ती खूण. जावरला डोलोमाइटच्या जोडीने कार्बनयुक्त काळे फिलाइट आणि वाळूमिश्रित थर आढळतात. समुद्रतळाशी गाळासोबत धातूंची सल्फाइडे साचली, आणि नंतर भूकवचाच्या दाबाने थर दुमडले, फाटले, तेव्हा तीच सल्फाइडे विरघळून डोलोमाइटच्या भेगांत पुन्हा जमली, असा या साठ्यांचा सर्वसाधारण उलगडा केला जातो. म्हणून जावरची खनिजे सलग थरात कमी आणि शिरा, उपशिरा, जाळी यांच्या रूपात जास्त सापडतात. मोचिया मगरा, बलारिया, जावरमाला आणि बरोई ही इथल्या मुख्य डोंगरांची व खाणींची नावे. बरोईत शिशाचा वाटा जास्त, मोचिया आणि बलारियात जस्ताचा. गॅलेना व स्फॅलेराइटच्या बरोबर पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचे संयुग, भरपूर असते. चांदी मुख्यतः गॅलेनात, आणि क्वचित शुद्ध चांदीच्या तारांसारखीही. स्फॅलेराइटमध्ये थोडे कॅडमियम असते.

अशा शिरेचा जमिनीवर आलेला भाग मात्र वेगळाच दिसतो. पावसाचे पाणी आणि हवा पायराइटला गंजवतात, गंधकाचे आम्ल होते, आणि वर तांबड्यापिवळ्या लोहगंजाची टोपी उरते. गॅलेनाचे शिशाच्या कार्बोनेटमध्ये आणि स्फॅलेराइटचे जस्ताच्या कार्बोनेटमध्ये रूपांतर होते. चांदी पाण्याबरोबर खाली झिरपते आणि काही अंतरावर पुन्हा साचते, त्यामुळे गंजलेल्या टोपीखालचा पट्टा मूळ शिरेपेक्षाही चांदीने समृद्ध असू शकतो. जुन्या शोधकांनी डोंगराच्या कुशीत ही तांबडी माती ओळखली, तिच्या मागे मागे ते आत शिरले, आणि मग शीर जाईल तिकडे जात राहिले. त्यांच्या बोगद्यांना सरळ रेषा नाही. कुठे माणूस जेमतेम सरपटत जाईल एवढी वाट, तर कुठे एकाएकी उंच दालन. ते वाकडेतिकडेपण शिरेचेच आहे.

डोलोमाइट कठीण असतो, आणि लोखंडी पहार त्याला सहज दाद देत नाही. जावरच्या खाणकामगारांनी तो विस्तवाने फोडला. खडकाच्या दर्शनी भागाला लागून लाकडांचा ढीग रचायचा, तो रात्रभर पेटता ठेवायचा, उष्णतेने खडक प्रसरण पावून तडकला की सैल झालेला भाग छिन्नी आणि पहारीने काढायचा. या रीतीने खणलेल्या भिंती गुळगुळीत, गोलसर आणि खोलगट होतात. जावरमालाच्या जुन्या दालनांच्या भिंती तशाच आहेत, आणि तळाशी राखेचे व कोळशाचे थर आहेत. एका बंदिस्त डोंगरात रोज पेटणारी आग, तिचा धूर, पायराइटमधून निघणारा गंधकाचा वायू आणि मातीच्या पणतीचा उजेड. यांच्यामध्ये माणसांनी पिढ्यान् पिढ्या काम केले. छत पेलण्यासाठी त्यांनी मध्ये मध्ये खडकाचे खांब राखले, आणि उंच जागी पोहोचायला लाकडी शिड्या व परांच्या बांधल्या. त्यांतले काही लाकूड कोरड्या खडकात टिकून राहिले. किरणोत्सर्गी कार्बनच्या मापनातून त्यांतील सर्वांत जुन्या लाकडाचा काळ इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या आसपास निघाला, तर काही लाकूड इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या जवळचे आहे.

मेवाडच्या डोंगरात जावर एकटे नव्हते. दरिबा येथील खाणीच्या तारखा इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धात जातात, आणि तिथले खाणकाम शंभर मीटरांहूनही खोल गेले होते. आगुचा येथे इ. स. पूर्व चौथ्या शतकाच्या सुमारास चांदीसाठी शिसे गाळले जात होते. हा काळ उत्तर भारतात ठशांच्या चांदीच्या नाण्यांचा. मगधाचे राज्य वाढत होते आणि त्याला चांदी हवी होती. कौटिलीय अर्थशास्त्रात खाणींवर देखरेख करणाऱ्या आकराध्यक्षाचे काम सांगितले आहे, आणि चांदी शिशाच्या साहाय्याने शुद्ध करण्याची रीतही दिली आहे.

ती रीत साधी आणि विलक्षण चतुर आहे. गॅलेना आधी भाजून गंधक उडवायचा, मग कोळशाबरोबर तापवून शिसे वितळवायचे. चांदी शिशात विरघळून बरोबर येते. हे शिसे हाडांच्या राखेच्या उथळ वाटीत घालून उघड्या हवेत तापवले की शिसे हवेशी संयोग पावून त्याचे मुरदाडशिंग होते. काही वर तरंगते आणि काढून टाकता येते, उरलेले वाटीत मुरते. चांदी हवेशी संयोग पावत नाही. शिसे संपता संपता वितळलेल्या थेंबावरचा शेवटचा पडदा सरकतो आणि चांदीची गोळी एकदम लखलखते. एवढ्या शिशामागे निघणारी चांदी मात्र चिमूटभर. शिसे पुन्हा गाळून घेता येत असे, आणि त्यालाही मागणी होती. आपल्याकडे दख्खनमध्ये सातवाहनांनी चांदीपेक्षा शिशाची आणि पोटिन नावाच्या मिश्र धातूची नाणी फार मोठ्या प्रमाणावर पाडली. पोटिनमध्ये तांब्याबरोबर शिसे आणि कथील असते. जुन्या अकोला जिल्ह्यातील, मंगरूळपीरजवळच्या तऱ्हाळा गावी १९३९ मध्ये अशा सातवाहन नाण्यांचा दीड हजारांहून मोठा साठा मिळाला. बेसाल्टच्या प्रदेशात शिसे निघत नाही, तेव्हा त्या नाण्यांतले शिसे दूरच्या कुठल्या ना कुठल्या डोंगरातून बैलांच्या पाठीवर वऱ्हाडात आलेले आहे.

चांदीचा ओघ पुढे ओसरला, पण जावरचा डोंगर रिकामा झाला नव्हता. शिरेतला मोठा वाटा तर फसव्या स्फॅलेराइटचाच होता. त्याला भट्टीत धरून ठेवता येत नव्हते याचे कारण जस्ताच्या स्वभावात आहे. भाजलेल्या धातुकातून जस्त मोकळे करायला हजार अंश सेल्सिअसच्या वर उष्णता लागते, आणि जस्त उकळते ९०७ अंशांना. म्हणजे ते जन्मतःच वाफ असते. तांबे किंवा शिसे भट्टीच्या तळाशी जमा होते, तसे जस्त जमत नाही. ही वाफ हवेला भेटली की पुन्हा पांढरी राख. तेव्हा तिला हवेपासून दूर ठेवून थंड करायचे, एवढाच मार्ग उरतो. तो जावरच्या कारागिरांनी बाराव्या शतकापर्यंत मोठ्या उद्योगाच्या प्रमाणावर साधलेला होता. त्याची सुरुवात त्याआधी दोनतीनशे वर्षे झाली असावी.

त्यांची भट्टी आधी रसवैद्यांच्या शाळेत जन्मली असावी असे मानायला आधार आहे. रसरत्नसमुच्चयासारख्या ग्रंथांत खर्पर किंवा रसक या नावाने जस्ताचे खनिज येते. वांग्याच्या आकाराची मूस घ्यावी, ती उलटी ठेवावी, वरून तापवावी आणि खालच्या पाण्याच्या भांड्यात सत्त्व उतरवावे, असा विधी त्यात आहे. जावरला सापडलेली मातीची पात्रेही नेमकी वांग्याच्या आकाराची आहेत, लांबी साधारण एक फूट. भाजलेले धातुक, डोलोमाइट, कोळसा किंवा शेण आणि मीठ कालवून त्याच्या लहान गोळ्या करीत आणि पात्रात भरीत. तोंडाशी मातीची निमुळती नळी बसवून ती लिंपून घेत. पात्र उलटे केल्यावर माल खाली सांडू नये म्हणून नळीतून आत एक काडी खोचलेली असे. भट्टी तापली की काडी जळून जाई आणि तिच्या जागी वाफेला उतरायला वाट राही. गोळ्या तोवर एकमेकींना चिकटून बसलेल्या असत. ज्याने ही काडी पहिल्यांदा खोचली, त्या माणसाचे नाव इतिहासाला ठाऊक नाही, पण साऱ्या रचनेतली सर्वांत हुशार वस्तू तीच आहे.

भट्टी दोन मजली होती. मधोमध भोके असलेल्या चार जाड विटांची ताटली, प्रत्येक विटेत नऊ मोठी भोके, म्हणजे एका भट्टीत छत्तीस पात्रे. वरच्या कप्प्यात आग, खालच्या थंड कप्प्यात नळ्यांची तोंडे आणि त्यांच्याखाली जस्त झेलणारी भांडी. भट्टीची लांबी-रुंदी जेमतेम दोन फुटांच्या आसपास, पण अशा सात भट्ट्या एका ओळीत बांधलेल्या होत्या. म्हणजे एका वेळी २५२ पात्रे. अकराशे ते बाराशे अंश तापमान काही तास टिकवावे लागे. कमी पडले तर जस्त सुटत नसे, वाढले तर पात्रे वितळून बसत. संशोधकांच्या हिशेबाने एका पात्रातून दोनशे ते पाचशे ग्रॅम जस्त मिळत असावे. वापरलेली पात्रे पुन्हा उपयोगाची नसत, ती फोडून बाजूला टाकीत. अशा फुटक्या पात्रांचे आणि मळीचे डोंगर जावरच्या दरीत आजही आहेत. त्यांचे वजन काही लाख टनांत मोजले जाते. त्यांच्यापुढे शिसे-चांदीच्या जुन्या मळीचे अवशेष किरकोळ वाटतात.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस महाराणा लाखा याच्या काळात या खाणींचे उत्पन्न मेवाडच्या खजिन्यात मोठ्या प्रमाणावर येऊ लागले, अशी मेवाडची परंपरा सांगते. तटबंदीचे गाव वसले, जैन व्यापाऱ्यांनी मंदिरे बांधली. महाराणा कुंभाची मुलगी रमाबाई हिने १४९७ मध्ये इथे विष्णूचे मंदिर आणि कुंड बांधले, तेही अजून उभे आहे. महाराणा प्रतापने १५८५ च्या सुमारास राजधानीसाठी निवडलेले चावंडही याच डोंगरी टापूत. जावरचे जस्त तांब्यात मिसळून पितळ होई, आणि पितळ साऱ्या देशाला लागत होते. आधी पितळ करायला तांब्याबरोबर जस्ताचे खनिजच तापवीत, त्यात जस्ताचे प्रमाण फार वाढत नसे. धातुरूप जस्त हाती आल्यावर हवे तेवढे घालता येऊ लागले. मराठवाड्याच्या वेशीवरच्या बीदरची बिदरी भांडी तर बहुतांशी जस्ताचीच असतात. त्यात थोडे तांबे मिसळतात, पृष्ठभागावर चांदीची तार ठोकून बसवतात आणि शेवटी तो मातीने काळा करतात. जावरच्या शिरेत एकत्र असलेले जस्त आणि चांदी हे दोन धातू बीदरच्या कारागिराच्या हातात असे पुन्हा एकत्र येतात. युरोपात जस्त गाळण्याची पद्धत विल्यम चॅम्पियन याने ब्रिस्टल येथे सुरू केली आणि १७३८ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्याच्याही भट्टीत वाफ खालीच उतरवलेली आहे. तोवर युरोप पूर्वेकडून येणाऱ्या जस्तावर अवलंबून होता.

अठराव्या शतकात जावरचा इतिहास मराठ्यांच्या इतिहासाला येऊन मिळतो, आणि तो भाग मराठी वाचकाने तसाच वाचायला हवा. १७३६ च्या फेब्रुवारीत थोरला बाजीराव उदयपूरला गेला. महाराणा जगतसिंहाने त्याचा सन्मान केला आणि वर्षाला १ लाख ६० हजार रुपये देण्याचे ठरले. पुढच्या काळात मागण्या वाढत गेल्या. १७६९ मध्ये मेवाडच्या गादीच्या भांडणात महादजी शिंदे यांनी उदयपूरला वेढा घातला. तो उठला साठ लाखांहून मोठ्या रकमेच्या करारावर, आणि ती फेडता न आल्याने जावद, जीरण, नीमच हे परगणे शिंद्यांकडे गहाण पडले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिंदे, होळकर आणि पठाण सरदार अमीरखान यांच्या फौजा मेवाडात आळीपाळीने फिरत होत्या. खाण चालायला लाकूडफाटा लागतो, धान्य लागते, व्यापाऱ्याचा रस्ता सुरक्षित लागतो आणि कारागिरांची एक पिढी दुसरीला शिकवायला जागेवर असावी लागते. यातले काहीच उरले नाही. १८१२-१३ च्या मोठ्या दुष्काळाने शेवटचा घाव घातला आणि भट्ट्या विझल्या. १८१८ मध्ये मेवाडने इंग्रजांशी तह केल्यानंतर तिथे आलेल्या कर्नल जेम्स टॉडने जावरच्या खाणींचे उत्पन्न काही दशकांपूर्वी लाखांत होते अशी नोंद केली, मात्र इथला धातू त्याने कथील समजून लिहिला. शेकडो वर्षे जस्त गाळणाऱ्या गावात, भट्ट्या बंद पडून पुरती दहा वर्षेही झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

यानंतर सव्वाशे वर्षे डोंगर शांत राहिला. तो पुन्हा जागा झाला दुसऱ्या महायुद्धाने. ब्रिटिश साम्राज्याला या भागात शिसे, जस्त आणि चांदी मिळे ती ब्रह्मदेशातल्या बॉडविनच्या खाणीतून. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि ती हातची गेली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याच वर्षी जावरच्या जुन्या बोगद्यांत काम सुरू केले. जुन्या माणसांनी शीर कुठवर खणली होती, हाच नव्या शोधाचा पहिला नकाशा ठरला. पुढे मेटल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या कंपनीकडे खाण गेली. १९५० मध्ये मोचियाला धातुक दळून, फेसाच्या साहाय्याने शिसे आणि जस्त वेगळे करणारा कारखाना उभा राहिला. सरकारने ही कंपनी ताब्यात घेतली आणि १० जानेवारी १९६६ रोजी हिंदुस्तान झिंक लिमिटेडची स्थापना झाली. उदयपूरजवळ देबारीला जस्ताचा कारखाना १९६८ मध्ये सुरू झाला, आणि २००२ मध्ये सरकारने कंपनीचे नियंत्रण खासगी समूहाकडे दिले. चांदीसाठी आता जावरपेक्षा दरिबाच्या शेजारची सिंदेसर खुर्द खाण महत्त्वाची आहे.

जुन्या भट्ट्यांचा उलगडा झाला तो १९८३ मध्ये. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे के. टी. एम. हेगडे, ब्रिटिश म्युझियमचे पॉल क्रॅडॉक आणि हिंदुस्तान झिंक यांच्या संयुक्त उत्खननात मातीखाली सात भट्ट्यांची अख्खी ओळ सापडली. काही भट्ट्यांतली पात्रे शेवटच्या जाळाला जशी ठेवली होती तशीच, ताटलीवर उलटी, छत्तीसच्या छत्तीस उभी होती. धातुविज्ञानातील अमेरिकी संस्था एएसएम इंटरनॅशनलने १९८८ मध्ये या जागेची ऐतिहासिक स्थळ म्हणून नोंद केली. गावकऱ्यांना ही पात्रे नवी नव्हती. जावरच्या जुन्या घरांच्या आणि बांधांच्या भिंती दगडाऐवजी त्याच भाजलेल्या वांग्यांच्या ओळी रचून बांधलेल्या आहेत, आणि त्यांच्या फुटक्या तोंडांशी जस्ताच्या पांढऱ्या राखेची कड अजून दिसते.